खलपुरुषाची ओळख

मधल्या सुटीत शाळेच्या पडवीतून फेरी मारताना अलीकडे जी नावे आमच्या कानी वारंवार पडतात, ती ना रामायण-महाभारतातील असतात, ना शिवकालातील, ना पवित्र शास्त्रातील. लाइट, पेन, आकाझा, फ्रीझा, योहान अशी ती नावे होत. ही सर्व जपानी चित्रकथांतील पात्रे असून यांपैकी एकासही सज्जन म्हणता यावयाचे नाही. तरीही वह्यांच्या मागील पानांवर शिसपेन्सिलीने काढलेली चित्रे पाहावीत, तर नायकांपेक्षा या खलपुरुषांचीच अधिक. आणि तीही इतक्या प्रेमाने छायांकित केलेली, की चित्रकलेच्या तासाला एवढी मेहनत झाली असती तर आमचे चित्रकलाशिक्षक धन्य झाले असते!

या वेडाविषयी पालकांचे म्हणणे असे, की मोबाइल काढून घ्यावा म्हणजे प्रश्न मिटला. मुलांचे म्हणणे असे, की ही नुसती गोष्ट आहे, तीत एवढे काय? आम्हांस ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. कारण नववी-दहावीच्या वर्गांत या कथांची चर्चा निघाली की एक प्रश्न हटकून येतो : ‘त्या खलपुरुषाचे म्हणणे खोटे होते असे कोठे आहे?’ हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या मुलास तो पडला, त्याने गोष्ट नीट वाचली आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. परंतु या प्रश्नाचे उत्तर ज्यास देता आले नाही, तो उद्या गोष्टीबाहेरच्या खलपुरुषासमोरही निरुत्तर होईल, अशी आम्हांस भीती वाटते. म्हणून या लेखात आम्ही काही जपानी खलपुरुष आणि त्यांच्याच जोडीस आपल्या महाराष्ट्राच्या रंगभूमीवरील व पडद्यावरील काही खलपुरुष तपासून पाहणार आहोत. जयसिंगपूरच्या विद्यार्थ्यास यासाठी फार दूर जावे लागणार नाही. मराठी चित्रपटाचा पाळणा आपल्या जिल्ह्याच्या शहरीच हलला.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. जपानी भाषेत चित्रकथेस ‘मांगा’ म्हणतात, व हलत्या चित्रांच्या पटास ‘ॲनिमे’. या दोहोंस आजचे रूप देणाऱ्यांत ओसामु तेझुका (१९२८–१९८९) यांचे नाव अग्रगण्य होय. त्यांच्या ‘पोलादी बाहूंचा आटम’ या यंत्रबालकाच्या कथेचा पट १ जानेवारी १९६३ पासून जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाला. तेझुकांची एक गंमतीची रीत होती. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांत जसा एखादा नट आज शकुनी तर उद्या कंस होई, तसेच ते एकाच चेहऱ्याच्या पात्रास निरनिराळ्या कथांत निरनिराळ्या भूमिका देत. जपानी कलेचा व आपल्या कथांचा प्रत्यक्ष संगमही झालेला आहे. जपानी निर्माते युगो साको आणि आपल्याकडील चलच्चित्रकलेचे अध्वर्यू राम मोहन यांच्या सहकार्याने रामायणावर एक संपूर्ण पट तयार झाला. तो १९९३ साली नवी दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखविण्यात आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये देशभरच्या चित्रपटगृहांत पुन्हा आला. त्याच्या मूळ हिंदी आवृत्तीत रावणास अमरीश पुरी यांचा आवाज आहे. जपानी कुंचल्याचा रावण आणि मुंबईच्या रंगभूमीवर तयार झालेला आवाज, असा हा योग होता.

आता मुख्य विषयाकडे वळू. खलपुरुषाचा सर्वांत जुना आणि सोपा प्रकार म्हणजे ज्याचा दुष्टपणा दुरूनही दिसतो तो. आपल्याकडे त्याचे नमुनेदार उदाहरण कीचक होय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कथा विराटाच्या दरबारातील. परंतु प्रेक्षकांनी कीचकाच्या पगडीखाली लॉर्ड कर्झनचा चेहरा तत्काळ ओळखला, आणि सरकारनेही तो ओळखल्यामुळे १९१० साली या नाटकावर बंदी आली. पुढे कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी हाच कीचक १९२० साली ‘सैरंध्री’ या मूकपटात आणला. त्यातील कीचकाच्या वधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले, की ते पुढे चित्रपटातून काढून टाकावे लागले. अशा खलपुरुषासंबंधी प्रेक्षकाच्या मनात गोंधळ नसतो. तो मेला की टाळ्या पडतात व मंडळी घरी जातात.

जपानी चित्रकथांतील फ्रीझा हा वरवर पाहता याच जातीचा. आकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही कथा १९८४ पासून १९९५ पर्यंत साप्ताहिकातून प्रसिद्ध होत होती. तीत हा फ्रीझा आकाशातील ग्रहांवर सैन्य पाठवितो, तेथील प्रजा नाहीशी करवितो आणि रिकामा झालेला ग्रह गिऱ्हाइकास विकतो. मुले त्याच्या बळाची वर्णने करतात. आम्हांस त्याच्या धंद्याचे अधिक नवल वाटते. ही कथा लिहिली जात होती त्या काळी जपानात जमिनीचे भाव बेसुमार चढले होते, आणि राहत्या माणसांस हुसकून जागा मोकळी करून देणारे दलाल माजले होते. फ्रीझाचा साचा आपण त्या दलालांवरून घेतला, असे तोरियामा यांनीच पुढे सांगितले आहे. आणि हा फ्रीझा बोलतो कसा? मूळ जपानीत त्याची भाषा कमालीच्या अदबीची आहे.

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे आजे-पणजे शेतकरी होते, त्यांस हा मनुष्य अनोळखी वाटू नये. ग्रह विकणारा तो आकाशात असेल. पण गोड बोलून अंगठा घेणारा आणि अंगठ्यावर शेत गिळणारा आपल्याकडे वाड्यावाड्यांत होऊन गेला. बाबूराव पेंटर यांनीच १९२५ साली ‘सावकारी पाश’ या मूकपटात त्यास पडद्यावर आणिले. पौराणिक राक्षसांच्या त्या जमान्यात दुष्ट म्हणून एक साधा, टोपी घातलेला, चोपडी सांभाळणारा गावचा सावकार दाखविणे हे मोठे धाडस होते. जमीन गमावून शहराची वाट धरणाऱ्या तरुण शेतकऱ्याची भूमिका त्यात व्ही. शांताराम यांनी केली. तोरियामांचा दलाल आणि पेंटरांचा सावकार यांच्यामध्ये साठ वर्षांचे व हजारो कोसांचे अंतर आहे. धंदा मात्र एकच.

येथपर्यंत मुलांस पडलेला प्रश्न उद्भवत नाही. फ्रीझाचे म्हणणे बरोबर होते असे कोणी म्हणत नाही, कारण त्याला म्हणणेच नाही; त्याला नफा आहे. प्रश्न सुरू होतो तो ज्या खलपुरुषास तत्त्व असते त्याच्यापासून.

कोल्हापुरास १९२९ साली स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ मध्ये पुण्यास गेली, आणि तेथे तिने काढलेला पहिला चित्रपट म्हणजे ‘अमृतमंथन’ (१९३४). त्यातील राजा यज्ञातील बळी बंद करू पाहतो, आणि राजगुरू त्याच्या वधाची आज्ञा देतो. मराठी आवृत्तीत केशवराव दाते व हिंदीत चंद्रमोहन यांनी हा राजगुरू उभा केला. पडदाभर पसरलेल्या त्याच्या एका डोळ्याचे दृश्य जुने लोक जन्मभर विसरले नाहीत. परंतु त्या डोळ्यापेक्षाही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की हा राजगुरू ढोंगी नाही. त्याची श्रद्धा खरी आहे. इतकी खरी, की अखेरीस तो स्वतःचेच मस्तक देवीपुढे उतरवितो. चोर, लबाड वा लंपट अशा कोणत्याही खान्यात त्यास बसविता येत नाही. तो मारतो तो देवासाठी, निदान आपल्या समजुतीच्या देवासाठी.

याच्या शेजारी आता ‘डेथ नोट’मधील लाइट यागामी बसवून पाहा. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली व ताकेशी ओबाता यांनी चितारलेली ही कथा २००३ च्या अखेरीपासून २००६ पर्यंत प्रसिद्ध झाली. लाइट हा शाळेतील सर्वांत हुशार विद्यार्थी, पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, वागण्यात सभ्य. (आमच्या गुणवत्ता-फलकावर ज्याचे नाव झळकावे असा, हे मुद्दाम सांगणे भाग आहे.) त्यास एक वही सापडते. चेहरा डोळ्यांसमोर आणून ज्याचे खरे नाव तीत लिहावे तो मरतो. लाइट गुन्हेगारांची नावे लिहू लागतो. जगातील गुन्हे कमी होतात, लोक त्यास देव मानू लागतात, आणि आमचे विद्यार्थी विचारतात की यात त्याचे चुकले कोठे?

लेखकांनी उत्तर कथेतच पेरून ठेविले आहे, पण ते भाषणाच्या रूपाने नाही. प्रथम खुनी मारले जातात. मग लाइटचा माग काढण्यास आलेले बारा तपास अधिकारी मारले जातात. त्यांनी कोणाचा खून केलेला नाही, ते आपले कर्तव्य करीत होते. त्यांपैकी एकाची वाग्दत्त वधू नाओमी मिसोरा सत्याच्या अगदी जवळ येते. ती सावध असल्यामुळे प्रथम लाइटला खोटे नाव सांगते. तेव्हा हा सभ्य, हसतमुख मुलगा तिच्याबरोबर चालत चालत, गोड बोलून, विश्वास संपादून तिचे खरे नाव काढून घेतो. ज्या विद्यार्थ्यास लाइटचे म्हणणे पटले असेल त्याने तेवढा प्रसंग पुन्हा वाचावा. तेथे न्याय, जगाची सुधारणा, गुन्ह्यांचे प्रमाण यांतले काहीच उरलेले नाही. एक मुलगा एका शोकाकुल स्त्रीचे नाव चोरतो आहे एवढेच उरले आहे. मूळ जपानीत याचे नाव ‘चंद्र’ या अर्थाच्या अक्षराने लिहितात आणि उच्चारतात मात्र ‘लाइट’, म्हणजे प्रकाश. सैतान अंधाराचा वेष घेऊन येत नाही, उजेडाचा घेऊन येतो, असा इशारा प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीस दिला होता. त्याची आठवण आम्हांस या नावापाशी झाल्यावाचून राहिली नाही.

यापुढचा प्रकार अधिक नाजूक आहे, कारण त्यात बुद्धीपेक्षा डोळ्यांतील पाण्याचा संबंध येतो. ‘डीमन स्लेयर’ या कोयोहारू गोतोगे यांच्या कथेचा एक दीर्घ पट सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याकडील चित्रपटगृहांत आला, आणि तो पाहून आलेली मुले आकाझा या राक्षसाविषयी हळहळत होती. हाच आकाझा, ज्याने आधीच्या कथेत रेंगोकू या लाडक्या वीराचा प्राण घेतला होता! मनुष्य असताना त्याचे नाव हाकुजी. आजारी बापाच्या औषधासाठी तो चोऱ्या करी. पकडला गेला, फटके खाल्ले, हातांवर गुन्हेगाराचे गोंदण उमटले. आपल्यापायी मुलगा चोर झाला हे सहन न होऊन बापाने गळफास घेतला व मुलाने सरळ मार्गाने जगावे असे मागे लिहून ठेविले. पुढे एका दयाळू गुरूने त्यास घरी नेले, आपल्या आजारी मुलीची शुश्रूषा त्याच्यावर सोपविली. ती बरी झाली, दोघांचा विवाह ठरला. आणि शेजारच्या आखाड्याच्या माणसांनी विहिरीत विष कालवून त्या दोघांस मारिले. हाकुजीने त्या आखाड्यातील सदुसष्ट माणसे नुसत्या हातांनी ठार केली. त्यानंतर तो राक्षस झाला, आणि राक्षस होताच हे सारे विसरला.

मुलांनी हळहळावे यात आम्हांस वावगे काही दिसत नाही. दगडाचे काळीज घेऊन गोष्टी वाचू नयेत. परंतु दुःखाचे कारण कळणे निराळे व कृत्य क्षम्य ठरणे निराळे. ही दोन खाती एकाच वहीत लिहिली की हिशेब चुकतो. गोतोगे यांनी तो चुकू दिलेला नाही, ही त्यांची थोरवी. आकाझास अखेरीस बाप आठवतो, गुरू आठवतो, वाग्दत्त वधू आठवते, आणि आठवताच तो स्वतःचा हात थांबवितो, तुटलेले शरीर पुन्हा जोडून घेण्याचे नाकारतो. म्हणजे ज्या दुःखाचे मुले भांडवल करू पाहतात, त्याच दुःखाच्या स्मृतीने तो स्वतःस दोषी ठरवितो. प्रभातच्या ‘कुंकू’ (१९३७) चित्रपटात तरुण मुलीशी लग्न करणारे वृद्ध वकील काकासाहेब आहेत; तेही केशवराव दात्यांनीच साकारले. काकासाहेबांस अखेरीस आपला अन्याय उमगतो, आणि ते तिला मोकळे करण्यासाठी आपला जीव देतात. त्या काळी प्रेक्षकांत त्यांच्यासाठी रडणारे असतीलच. तथापि नीरेवर अन्याय झालाच नाही, असे त्या रडण्याचा अर्थ लावून कोणी बाहेर पडले नसावे.

‘नारुतो’तील पेन याचेही असेच. मासाशी किशिमोतो यांची ही कथा १९९९ पासून २०१४ पर्यंत चालली व बहात्तर खंडांत पुरी झाली. पेनचे आईबाप युद्धात, नारुतोच्याच गावच्या सैनिकांकडून मारले गेले. म्हणून जगास वेदना कळावी असा त्याचा आग्रह. शिक्षक या नात्याने आम्हांस यातील एक गोष्ट विशेष वाटते. पेन आणि नारुतो दोघेही जिराया या एकाच गुरूचे शिष्य. दोघेही पोरके. गुरूने दोघांस शिकविले ते तेच. एकाने त्या गुरूसच मारिले, आणि दुसऱ्याने गुरूच्या मारेकऱ्यासमोर जाऊन, सूडाची पूर्ण संधी असताना, त्याचे ऐकून घेतले व हात उचलला नाही. हे वाचल्यावर, परिस्थितीने मनुष्य दुष्ट होतो हे अर्धवट शास्त्र आमच्या वर्गात पुन्हा कोणी मांडले की आम्ही त्यास ‘नारुतो’ वाचावयास सांगतो! पालकांस हे रुचेल की नाही, देव जाणे.

आता या मालिकेतील सर्वांत भयंकर पुरुषाकडे येऊ. नाओकी उरासावा यांची ‘मॉन्स्टर’ ही कथा (१९९४–२००१) जपानी असूनही घडते जर्मनीत. डॉक्टर तेन्मा हा मेंदूचा कुशल शस्त्रवैद्य. वरिष्ठांच्या आज्ञेवरून तो एकदा एका गरीब तुर्की मजुरास बाजूला ठेवून प्रसिद्ध गायकावर आधी शस्त्रक्रिया करतो, आणि मजूर मरतो. त्याची विधवा तेन्मास जाब विचारते. पुढच्या वेळी तेन्मा आज्ञा मोडतो. शहराच्या महापौरास सोडून आधी आणलेल्या लहान मुलास वाचवितो. त्या मुलाचे नाव योहान. आणि वाचलेले ते मूल पुढे असंख्य खून घडवून आणते. मिरजेच्या मिशन रुग्णालयाच्या सावलीत वाढलेल्या आमच्यासारख्यांस ही कथा अंगावर काटा आणणारी वाटते. वैद्याने सत्कृत्य केले, आणि त्यातून हे निघाले!

कथेच्या आरंभी उरासावा यांनी प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातील समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाचा उतारा घातला आहे. तो लिहिणाराही योहानच, हा योगायोग नसावा. परंतु श्वापदास जशी शिंगे तसे या योहानास बाहेरून काहीच नाही. तो सुंदर आहे, मृदू बोलतो, लहान मुले त्याच्याकडे धावतात. त्याच्या दुष्टपणाचे मूळ शोधीत गेल्यावर सापडते ते एक अनाथालय, जेथे मुलांची नावे पुसून टाकीत, आणि नाव नसलेल्या राक्षसाचे एक चित्रमय पुस्तक. ज्याचे नावच काढून घेतले त्यास दुसऱ्याच्या नावाचे मोल ते काय? अखेरीस योहान मरणोन्मुख होऊन पुन्हा तेन्माच्या हाती येतो. सर्व जाणून तेन्मा पुन्हा शस्त्रक्रिया करतो व त्यास वाचवितो. याहून मोठा नायक आमच्या पाहण्यात नाही. पण वह्यांच्या मागील पानांवर तेन्माचे चित्र आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

येथे एक धागा आमच्या हाती आला, तो सांगतो. लाइट नाव लिहून मारतो. हाकुजी राक्षस होताच त्याचे नाव आकाझा होते. योहानास नाव उरलेलेच नाही. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांस नावाने हाक मारतो असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. या कथांतील खलपुरुषाची रीत बरोबर याच्या उलट. म्हणून कोणताही खलपुरुष आपले तत्त्व फार सुंदर शब्दांत मांडू लागला, तर त्याच्याशी वाद घालीत बसण्याआधी त्याने कोणाकोणाचे काय केले, ती नावे विचारावीत. लाइटच्या राज्यात किती गुन्हे कमी झाले हे मुलांस तोंडपाठ असते; नाओमी मिसोरा कोण, असे विचारिले तर वर्ग शांत होतो.

हे सर्वांत कठीण जाते ते ज्याने खरोखर उपकार केले आहेत अशा माणसाच्या बाबतीत. हायाओ मियाझाकी यांच्या ‘राजकन्या मोनोनोके’ (१९९७) या पटात एबोशी नावाची स्त्री आहे. लोखंडाच्या भट्ट्यांसाठी ती अरण्य तोडते, वनदेवतेवर बंदूक झाडते. परंतु विकल्या गेलेल्या स्त्रियांस तिनेच सोडवून काम दिले आहे. आणि ज्यांस कोणी शिवत नाही त्या कुष्ठरोग्यांच्या जखमा ती स्वतःच्या हातांनी धुते. तेच रोगी तिच्यासाठी बंदुका घडवितात. तिच्या गावात जाऊन तिला दुष्ट म्हणा पाहू! मियाझाकींनी तिला मारलेले नाही, आणि निर्दोषही सोडलेले नाही. तिचा एक हात जातो, आणि गाव पुन्हा वसवावयाचे काम तिच्यापुढे राहते.

अशा एबोशीस आपल्याकडे काय म्हणतात? उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांस उत्तर शोधावे लागू नये. विजय तेंडुलकर यांनी लिहिलेला आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘सामना’ हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला होता. त्यातील हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा सर्वेसर्वा. त्याने माळरानावर कारखाना उभारला, लोकांस रोजगार दिला, गावास कळा आणली. तो आतिथ्यशील आहे. रस्त्यात सापडलेल्या, दारूने खंगलेल्या एका म्हाताऱ्यास तो घरी नेतो, कपडे देतो, जेवू घालतो. ही भूमिका निळू फुले (१९३०–२००९) यांची. खेड्यापाड्यांतल्या बायाबापड्या निळूभाऊंस प्रत्यक्षात पाहूनही शिव्याशाप देत, हे सर्वश्रुत आहे. आणि तो मनुष्य होता कसा? राष्ट्र सेवा दलात वाढलेला, तरुणपणी पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळ्याचे काम केलेला, आयुष्यभर सामाजिक चळवळींच्या पाठीशी राहिलेला. नट आणि भूमिका यांत एवढे अंतर असूनही लोकांनी त्यास शाप दिले, कारण तसा पुढारी त्यांनी कोठे तरी पाहिलेला होता. इतर कित्येक चित्रपटांत निळूभाऊंचा खलपुरुष सरळ लोभी किंवा लंपट आहे. त्याला ओळखावयास श्रम पडत नाहीत. हिंदुरावास ओळखावयास पडतात. तो खरोखर प्रेमळ आहे, आणि त्याच्या राज्यात एक माणूस नाहीसा झाला आहे.

रस्त्यात सापडलेला तो म्हातारा म्हणजे डॉ. श्रीराम लागू यांनी केलेला मास्तर. एके काळी स्वातंत्र्याच्या लढ्यात होता. आता त्याच्यापाशी ना पैसा, ना प्रतिष्ठा, ना शुद्ध. हिंदुरावाशी कारखान्याच्या अर्थशास्त्रावर वाद घातला असता तर तो हरला असता, कारण हिंदुरावाची बाजू भक्कम आहे. ऊस उभा आहे, धुराडे चालू आहे, लोक जेवत आहेत. मास्तर तसा वाद घालीतच नाही. तो ज्याचे अन्न खातो त्याच्याच घरात राहून, ज्याला त्याला, वेळी-अवेळी, एकाच माणसाविषयी विचारीत सुटतो, की मारुती कांबळे कोठे गेला, त्याचे पुढे काय झाले? लोक प्रथम हसतात, मग चिडतात, मग घाबरतात. हिंदुरावही प्रथम हसतो.

या चित्रपटास आता पन्नास वर्षे झाली. मास्तराचा तो प्रश्न मराठी वर्तमानपत्रांत व सभांत अजून विचारला जातो, आणि ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्याही तोंडी तो असतो. गेल्या सत्रात दहावीच्या वर्गास आम्ही विचारिले, तेव्हा हिंदुराव हे नाव दोघांस सांगता आले. मारुती कांबळे हे नाव मात्र अर्ध्या वर्गास ठाऊक होते.